ज्याची साडी त्याचा गहू

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेले असेल आणि अक्षरही वेडेवाकडे आहे, त्याबद्दल माफी असावी. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढे हाताला पातेली घासायची आणि सोऱ्या दाबायची सवय लागली, पेन धरायची राहिली नाही. ही वही मला बारामतीच्या श्वेताने दिली. पुढच्या पानांवर मशिन किती तास चालले ते लिहायचे आणि ती पाने तिला दाखवायची. मागची पाने माझी आहेत. ती कोणाला दाखवायची नाहीत. तरी घरातल्या कोणाच्या हाती लागलीच तर सावकाश वाचावे, आणि हसू आले तर माझ्यासमोर हसू नये.

वैशाख लागून आठ दिवस झाले होते. सकाळी सहाला आम्ही लोणी भापकर सोडले. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ सुरेखा. तीनचाकी टेम्पो तीच चालवते. पहिल्या वर्षी पारावरची माणसे मान वळवून बघायची, आता बघत नाहीत. मागे दोन मोठी पातेली, गॅसची शेगडी, लाकडी ढवळणे, लांब दांड्याचा सोऱ्या आणि आमची वळकटी होती. माझ्या पोलक्याच्या आतल्या खिशात रुमालात बांधलेले पंधराशे रुपये होते. ते नरसिंहपूरच्या तात्यांचे. चौथ्या दिवशी ते त्यांच्या हातात द्यायचे होते, आणि त्याचीच मला धास्ती होती.

"घेतील का गं?" मी विचारले.

"तुमी द्या तरी," सुरेखा म्हणाली. "दोन वर्सं नुसत्या नदीपातूर जाऊन माघारी आलाय. आत गेल्याबिगर माणूस घील कसं?"

गावाबाहेरच्या जुन्या दगडी देवळाला मी टेम्पोतूनच हात जोडले. आमचा हा भाग कोरडा. माळावर ऊन लवकर तापते आणि उशिरापर्यंत राहते. म्हणून आमच्या कुरडया एका दिवसात वाळतात, असे माझी आई म्हणायची. चौथीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात तिने मला माळवदावर कावळे राखायला बसवले. हातात काठी, तिला काळ्या फडक्याची चिंधी. खाली आळीतल्या सगळ्या बायका एका चुलीभोवती. आज आमच्या कुरडया, उद्या शेजारच्यांच्या, परवा पलीकडच्यांच्या. मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, फक्त चीक (भिजवलेल्या गव्हाचे दाट दूध) शिजला की वाटीभर प्रत्येक पोराला. जून आला तरी माझ्या शाळेचे नाव कोणी काढले नाही. मीही काढले नाही. मला माळवद आवडत होते.

त्या आठवणीवरच मी धंदा सुरू केला आणि त्याच आठवणीतला मुख्य धडा विसरले. ते इथेच लिहून टाकते, म्हणजे पुढचे समजेल.

भवानीनगर, इंदापूर, नरसिंहपूर या बाजूला आमचे पाहुणे आहेत. तिकडच्या बायकांना नोकरी, कोणाला फ्लॅट, कोणाचे गुडघे दुखतात. मी त्यांचा गहू गावी आणायचा, आमच्या माळवदावर कुरडया करायच्या आणि पोचवायच्या, असे ठरले. पहिल्या वर्षी सहा घरे होती. सगळे नीट झाले. दुसऱ्या वर्षी तीस घरे झाली. निम्मी मजुरी आगाऊ घेतली. सोप्यात पोतीच पोती. गहू तीन दिवस भिजवावा लागतो, रोज पाणी बदलावे लागते. तीस घरांसाठी तीस हंडे आणायचे कुठून? मी मोठी नवी टाकी आणली आणि सगळा गहू त्यात एकत्र ओतला. गहू म्हणजे गहू, असे मला वाटले. कुरडया वाळल्यावर ज्याचे त्याला वजन करून दिले. वजनात गुंजभरही खोट केली नाही.

तात्या नरसिंहपूरचे. नदीकाठी त्यांचा मळा आहे. बाकी सगळा ऊस, पण अर्ध्या एकरात ते घरच्या बियाण्याचा खपली गहू करतात. त्याच्या कुरडया त्यांच्या बायकोने, काकूंनी, जन्मभर स्वतः केल्या. त्या वर्षी काकूंच्या बोटांची पेरे सुजून हात मिटायचे बंद झाले, म्हणून पहिल्यांदा गहू परक्या हाती दिला. तात्यांनी माझी कुरडई उजेडाकडे धरली. खपलीची कुरडई जरा तांबूस असते. ही पांढरी होती.

"वजन बरुबर हाय," ते शांतपणे म्हणाले. "माल आमचा न्हाय."

त्यांची भाचेसून वैशाली इंदापूरला असते. तिने शेजारणींना सांगितले, शेजारणींनी आपापल्या डब्यात बघितले. महिन्याभरात तात्यांचे सोडून बाकी एकोणतीस घरांनी आगाऊ पैसे परत मागितले. मी डाळिंबाच्या बागेत रोजाने जाऊन एकेकाचे फेडले. तात्यांनी मात्र मागितले नाहीत. मी द्यायला गेले तर म्हणाले, "पैशाचं काय घिऊन बसलीस? आमचा गहू आण." तो कुठून आणू? तो तीस घरांत तळून खाल्ला गेला होता. त्यानंतर दोनदा मी घाटापर्यंत गेले आणि त्यांचे दार दिसताच वळले.

बारामतीत शिरताना दर वेळी मला अंग चोरून घ्यावेसे वाटते. रस्ते रुंद, मधल्या पट्ट्यात कापलेली झाडे, काचेची दुकाने. लहानपणी वडिलांबरोबर गुरांच्या बाजाराला आले होते, तेव्हा भेळ खाल्लेली जागा आता सापडत नाही. आम्ही सरळ औद्योगिक वसाहतीत श्वेताच्या शेडवर गेलो. ती असेल सव्वीस-सत्तावीसची. गहू वाटून चीक वेगळा काढायचे मशिन तिने आणि तिच्या मैत्रिणीने बनवले आहे. आमच्या मशिनची चाळणी झिजली होती, ती बदलायला दोन दिवस तिथे ठेवले होते.

"मावशी, चहा घ्या आधी," ती म्हणाली. "आणि वही?"

मी पुढची पाने दाखवली. मागची अंगठ्याने दाबून धरली.

श्वेताची गोष्ट माझ्यासारखीच आहे, म्हणून मला तिच्यासमोर बोलता येते. आधी ती मशिन विकायला बघायची. बायका यायच्या, हात लावून बघायच्या, किंमत ऐकून पदर सावरून जायच्या. वर्षातून दोन महिने लागणाऱ्या वस्तूला एवढे पैसे कोण घालणार? पहिल्या उन्हाळ्यात तिचे एकही मशिन विकले गेले नाही. मग तिने मशिनला तास मोजायचे घड्याळ बसवले आणि विकणेच बंद केले. मशिन तिचेच राहते. आपण न्यायचे, जेवढे तास फिरेल तेवढ्याचे भाडे द्यायचे. बिघडले तर दुरुस्ती तिची.

"बिघडलं तर माझंच भाडं बुडतं ना," ती म्हणाली. "म्हणून आता मी मशिन चांगलं बनवते. विकत होते तेव्हा नुसतं चकचकीत बनवत होते."

सुरेखा हसली. "म्हंजे मशिन तुमचं, हात आमचं आन् गहू गिऱ्हाइकाचा."

"आणि टेम्पो?"

"टेम्पो बँकेचा."

श्वेताने चाळणी बसवून मशिन टेम्पोत चढवून दिले. निघताना हळूच म्हणाली, "मावशी, यंदा नरसिंहपूरला आत जायचं हं." मी मान हलवली. मानेला हलायला काय लागते?

भवानीनगरच्या रस्त्याला लागले की आमचा कोरडा मुलूख संपतो. कालव्याचे पाणी, दोन्ही बाजूला ऊस, मधेच पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलेल्या रानाचा काळा चट्टा. हंगामात इथे मळीचा (साखर काढल्यावर उरणाऱ्या काकवीसारख्या रसाचा) वास दोन कोसांवरून येतो. आता हंगाम संपला होता. कारखान्याची चिमणी गप्प होती आणि बैलगाड्यांचा तळ मोकळा पडला होता.

माने वहिनी दारातच उभ्या होत्या. त्यांचे मालक कारखान्यात कामाला.

"आली का गहू मिसळणारी?" त्या मोठ्याने म्हणाल्या. दर वर्षी म्हणतात. पहिल्यांदा मला रडू आले होते, आता मी हसते. कारण आमच्या धंद्याची आजची सगळी रीत या बाईच्या संशयातून निघाली आहे.

तीस घरे तुटली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी त्यांचे आगाऊ पैसे द्यायला आले होते. त्या पैसे घेऊन म्हणाल्या, "कुरडया मला हव्याच हायत. पण गहू माझ्या नजरंपुढनं हलायचा न्हाय. करायच्या तर माझ्या छतावर कर, मी समोर बसणार." मला तो अपमान वाटला होता. सुरेखाला नाही वाटला. ती म्हणाली, "बसा की. बसल्या बसल्या साडी तेवढी धरा." आणि वहिनींनी आपला गहू आपल्याच जुन्या साडीत बांधून आणला, त्याच साडीवर कुरडया वाळवल्या. दुसऱ्याच्या गव्हाशी गाठ पडायचा प्रश्नच राहिला नाही.

तेव्हापासून तसेच. गहू भिजवायचा आणि पाणी बदलायचे काम घरच्यांचे. सुरेखा रोज सकाळी फोन करून विचारते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जाऊन वाटून देतो, रात्रीत चीक खाली बसतो, सकाळी शिजवून सोऱ्या दाबायचा. उरलेल्या कोंड्याच्या भुसवड्या घरच्या बायका घालतात, तो कोंडाही आम्ही नेत नाही. आगाऊ काही घ्यायचे नाही. मजुरी किलोवर नाही, पातेल्यावर. कोणी विचारले की कुरडया काय भावाने देता, तर सुरेखा सांगते, "आमी कुरडया इकत न्हाय. आमी यिऊन करून जातो."

वहिनींनी यंदा शेजारच्या चार घरांना जोडून घेतले होते. पाच साड्या, पाच हंडे. दोन हंडे वाटून झाले आणि वीज गेली. मी घाबरले. भिजलेला गहू उन्हाळ्यात थांबत नाही, आंबतो. सुरेखाने फोनवर फोन केले. शेजारच्या एक सासूबाई उठल्या आणि घरातून पाटा-वरवंटा घेऊन आल्या.

"मशिन न्हवतं तवा काय कुरडया न्हवत्या व्हय?" त्या म्हणाल्या.

बायका पाळीपाळीने वाटायला बसल्या. कोणी माहेरचे सांगू लागले, कोणी सुनेचे. मला वाटले, आईच्या माळवदाखालीच बसले आहे. तासाभराने वीज आली तेव्हा दोघी-तिघी म्हणाल्या, "आली व्हय? बरं." आणि वाटायच्या काही थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत सगळ्या साड्या भरल्या. गरम चिकात दूध आणि गूळ घालून सगळ्यांनी वाटी-वाटी खाल्ला. वहिनींनी मजुरी मोजून दिली आणि विचारले, "पुढं कुठं?"

"इंदापूर. मग नरसिंहपूर."

"तात्यांकडं?"

"व्हय."

"जाऊन ये," त्या म्हणाल्या. गहू मिसळणारी वगैरे काही बोलल्या नाहीत.

इंदापूरला वैशालीची इमारत चार मजल्यांची. तिथे मशिन काही लिफ्टमध्ये मावेना. चौघांनी जिन्याने वर नेले, तर गच्चीला कुलूप. सोसायटीचे अध्यक्ष म्हणून एक निवृत्त गृहस्थ आहेत, ते चष्मा पुसत आले.

"गच्चीवर वाळवण घालायचं नाही असा ठराव आहे," ते म्हणाले.

"कधीचा ठराव?" वैशालीने विचारले.

"मागच्या वर्षीचा. तुम्ही माझ्या सोलर पॅनलवर पापड घातले होते म्हणून."

मी भिंतीला टेकून उभी राहिले. अशा वेळी मला जीभ नसते. सुरेखा म्हणाली, "काका, पॅनलला हात लावणार न्हाय. तुमचा गहू भिजवलाय का?"

"आमचा कुठला गहू?"

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "भिजवलाय. किल्ली द्या."

त्या इमारतीतल्या आठ घरांनी या वर्षी गहू भिजवला होता. मागच्या वर्षी एकट्या वैशालीने घातला होता, तोही भीत भीत, सासरच्या कोणाला न सांगता. संध्याकाळी वाटून झाले, आणि सकाळी आठ रंगांच्या आठ साड्या गच्चीवर मांडल्या तर लग्नघर वाटावे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना नातवाने खुर्चीसकट वर आणले. त्या या गच्चीवर कधी आल्याच नव्हत्या. त्यांनी काठी मागितली, काळे फडके मागितले आणि कावळे राखायला बसल्या. मी सोऱ्या दाबत होते आणि सारखी त्यांच्याकडे बघत होते. मी नऊ वर्षांची असताना अशीच पाय पसरून बसत असेन.

"कुठली गं तू?" त्यांनी विचारले.

"लोणी भापकरची."

"आमची एक मैत्रीण दिली होती तिकडं. वारली." मग एका कावळ्याला काठी दाखवून त्या एकदम म्हणाल्या, "सोऱ्या एका दमात फिरव. मधी थांबलीस की तार तुटती."

पाने वाढताना वैशालीने मला आत बोलावले. नरसिंहपूरचे बोलावणे तिच्याकडूनच आले होते. काकूंनी तिला फोन करून सांगितले होते की मी गहू भिजत घालते, शालनला पाठवून दे. शालन म्हणजे मी.

"तात्यांना सांगितलेलं नाही अजून," वैशाली म्हणाली. "काकू म्हणतात, ती दारात आल्यावर बघू. पण काल तात्यांचा मला फोन आला. विचारत होते, ती बाई इंदापुरातनं किती वाजता निघणार?"

"रागानं?"

"त्यांच्या आवाजावरून कधी कळलंय का कोणाला?"

मनात हिशेब सुरू झाला. त्यांनी दारातून परत लावले तर पैसे राहतील ते राहतील, पण काकूंचा तीन दिवस भिजलेला गहू जाईल. एकदा मी त्यांचा गहू मिसळून घालवला. आता माझ्यामुळे दुसऱ्यांदा जाईल. आणि तात्यांचे तोंड फिरले तर या आठ घरांतली निम्मी, जी त्यांच्याच पाहुण्यांची, पुढच्या वर्षी साडी अंथरणार नाहीत.

इंदापूर सोडले तेव्हा दुपार कलत होती. बावड्याच्या पुढे केळीच्या बागा लागल्या, मग पुन्हा ऊस. एका ठिकाणी रसवंतीवर थांबलो. सुरेखाने दोन पेले प्यायले, मी अर्धा. नरसिंहपूर जवळ आले की आधी झाडी दिसते, मग देवळाचे शिखर, आणि मग एकदम जमीन खाली उतरून दोन नद्या दिसतात. नीरा आणि भीमा इथे एक होतात. उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलेले असते. घाटाच्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळ वाळून पांढरे झालेले. दोन वर्षे मी याच पायऱ्यांवर बसून माघारी गेले होते. या वेळी सुरेखाने टेम्पो घाटावर थांबवलाच नाही. देवाला रस्त्यावरूनच नमस्कार केला आणि गाडी थेट तात्यांच्या दारात नेली.

"चल," मी म्हटले.

ती जागची हलली नाही. "हितं तुमीच बोला. समदीकडं मी बोलते. पण गहू काय मी मिसळला न्हवता."

मला तिचा राग आला. पण खरे होते ते.

तात्या ओट्यावर बसले होते. डोक्याला टापशी गुंडाळलेली, हातात सुतळीचा गुंडा. त्यांनी वर बघितले. मी पदर डोक्यावर घेतला आणि उभी राहिले. शेवटी पाठ केलेले सगळे सोडून मी म्हणाले, "तात्या, मी गहू वाटायला आले."

"उशीर केलास," ते म्हणाले. "चार वाजता येशील असं वाटलं हुतं."

मला काही समजेना. आतून काकू आल्या. त्यांनी बोटे न मिटलेल्या हाताने माझा दंड धरला आणि मला न्हाणीकडे नेले. तिथे हंडा होता, वर पांढरे फडके. फडके काढले. तांबूस खपली फुगून टचटचीत झाली होती. पाणी स्वच्छ होते, आंबूस वास फक्त हवा तेवढा.

"काकू, पाणी चांगलं बदललंय," मी म्हणाले.

"मी कुठलं बदलतेय? मला हंडा कलता करता येतो व्हय?" त्या म्हणाल्या. "गहू मी वाटीवाटीनं टाकला, म्हटलं हे रानात गेल्यात तवर उरकू. दुसऱ्या दिवशी पहाटं उठते तर हे पाणी बदलायला लागल्यात. मी बी काय बोलले न्हाय, ते बी काय बोलले न्हायत. तिन्ही दिस बदललं."

मी मागे वळून बघितले. तात्या ओट्यावर सुतळी गुंडाळत होते.

सुरेखाने मशिन उतरवले. वाटताना तात्या येऊन उभे राहिले आणि घड्याळाकडे बघत म्हणाले, "हे काय मोजतंय?" मी सांगितले, जेवढे फिरते तेवढ्याचेच भाडे. ते म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्यानं बी आसंच करायला पायजे." एवढेच.

सकाळी चीक शिजवायला घेतला. काकू शेजारी पाटावर बसल्या. मला वाटले होते त्या नुसत्या बघतील. पण पाणी उकळताच म्हणाल्या, "खपलीला पाणी जरा कमी घ्यायचं. काढ तांब्याभर." मी काढले. चीक ओतून मी ढवळत राहिले, त्या बघत राहिल्या. चकाकी आली तशी त्यांनी चिमूटभर चीक मागितला. अंगठा आणि एका बोटात धरून ओढला. तार आली. त्यांची ती दोन बोटे तेवढी अजून जुळत होती.

"आता दाब," त्या म्हणाल्या.

साडी काकूंची होती, जांभळी, काठ विरलेला. "माझ्या पहिल्या बाळंतपणाची," त्या म्हणाल्या. पहिली कुरडई पडली तेव्हा तात्यांनी वाकून बघितले. ओल्या कुरडईवर ऊन पडले होते. ती तांबूस होती. त्यांनी बोट लावले नाही. बघितले आणि सरळ झाले.

"आमचाच हाय," ते काकूंना म्हणाले.

काकू हसल्या. "त्यात काय बघायचं? डोळ्यापुढं तर वाटला."

दुपारी भाकरी, शेवग्याची आमटी आणि कांदा झाल्यावर मी रुमाल सोडला. सुरेखा मुद्दाम टेम्पोकडे निघून गेली.

"तात्या, हे त्या वर्षीचं आगाऊ," मी म्हणाले आणि नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या.

खरे सांगायचे तर मला एकच भीती होती, आणि ती रागाची नव्हती. ते म्हणतील राहू दे पोरी, एवढ्याचं काय, अशी भीती होती. बाकी एकोणतीस घरांत कोणी तसे म्हणाले नव्हते. म्हणून त्या घरांत मला मान वर करून जाता येते.

काकू म्हणाल्या, "अवो, राहू द्या की. एवढं लांबनं यिऊन राबली पोर."

तात्यांनी अंगठा ओला केला आणि एकेक नोट मोजली. "पंधराशे. बरुबर." नोटा बंडीच्या खिशात घातल्या. मग काकूंकडे वळून म्हणाले, "राहू दिलं आसतं तर ही परत आली आसती व्हय? दोनदा घाटावर यिऊन, पायरीवर बसून माघारी गेली. मला काय दिसत न्हाय? मळा तिथंच हाय की माझा."

मला तोंड लपवावेसे वाटले. त्यांनी दुसऱ्या खिशातून दोन पातेल्यांची मजुरी काढली आणि वेगळी माझ्यापुढे ठेवली. ती मीही मोजून घेतली.

"आन् गहू?" मी कसेबसे विचारले. "तुमी म्हणाला हुता गहू आण."

"पैसं फिटलं," तात्या म्हणाले. "गहू फिटत नसतोय. त्येच्यापायी दर साल यिऊन करून द्यायचं. मजुरी मी दीन."

काकू पदराआड हसत होत्या.

परतीच्या वाटेवर आम्ही कुठे थांबलो नाही. मशिनही बारामतीला उतरवले नाही, पुढच्या घरांसाठी ते आमच्याजवळच राहणार होते. इंदापूर मागे गेले, भवानीनगरची चिमणी मागे गेली. सुरेखा पुढच्या वर्षीच्या घरांची नावे मोजत होती. तात्यांच्या भावकीतली पाच घरे निघताना तिच्याजवळ नंबर देऊन गेली होती. मला त्या टाकीची आठवण येत होती, ज्यात मी तीस घरांचा गहू एकत्र ओतला होता. आईच्या वेळी एका चुलीवर साऱ्या आळीचे शिजायचे, पण एका हंड्यात कधीच नाही. आज तुझे, उद्या माझे. बायका एकत्र यायच्या, गहू एकत्र यायचा नाही. मी उलटे केले होते. गहू एकत्र आणला आणि बायकांना घरी ठेवले. हे मला माळवदावर बसून रोज दिसत होते, पण मी कावळेच बघत राहिले.

लोणी भापकरला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ती टाकी अजून परसात आहे, तिच्यात आता शेळ्यांचा पाला ठेवतो. मी हातपाय धुतले आणि पोलक्याच्या आतल्या खिशातला रुमाल काढून दांडीवर वाळत टाकला. तो रिकामा होता. तीस घरांचे आगाऊ पैसे आज पुरे परत झाले, कोणाचा एक रुपयाही राहिला नाही.